टाका सोपा, बैठक अवघड

दोन सुयांचा टाका समजून घ्यायला एक दुपार पुरते. एकच लांब दोरा घ्यायचा, त्याला मेण चोळायचे आणि दोन्ही टोकांना एकेक सुई ओवायची. आरीने कातड्याला आरपार भोक पाडायचे, एक सुई डावीकडून घालायची, दुसरी त्याच भोकातून उजवीकडून घालायची आणि दोन्ही हातांनी सारख्या जोराने ओढायचे. शिवणीच्या साधारण चौपट लांब दोरा लागतो, कातडे जाड असेल तर आणखी थोडा. यंत्राच्या शिवणीत वरचा आणि खालचा असे दोन वेगळे दोरे कातड्याच्या पोटात एकमेकांना अडकवलेले असतात. त्यातला एक झिजून तुटला की शेजारचे टाके सैल पडत जातात. हाताच्या या टाक्यात प्रत्येक भोकातून दोन पदर गेलेले असतात, एक तुटला तरी दुसरा धरून ठेवतो. नवशिक्याच्या चुकाही ठरलेल्या असतात. आरी तिरपी जाते आणि मागची ओळ नागमोडी होते, दुसरी सुई पहिल्याच दोऱ्यात घुसून तो चिरते, एक हात जड पडतो आणि एक हलका. पण रोज बसणाऱ्या बहुतेक हातांना काही आठवड्यांत बऱ्यापैकी सरळ ओळ घालता येते. फरम्यावर कातडे ओढून त्याला पायाचा आकार देणे, पाठीचे कातडे कोणते आणि पोटाकडचे कोणते हे बोटांनी ओळखणे, रापीची एक ओढ किती खोल जावी हे मनगटाला कळणे, याला मात्र वर्षे जातात. सुरुवात सोपी आणि पुढचा रस्ता लांब, हे बहुतेक हस्तकलांचे असतेच. चामड्याच्या बाबतीत वेगळे एवढेच की महाराष्ट्रात शेकडो वर्षे ही सोपी सुरुवात कोणी केलीच नाही. जे हे काम करत ते त्यात जन्मलेले असत आणि जे करत नसत त्यांना ते शिवायलाही बंदी होती. शिवणे या क्रियापदाचे दोन्ही अर्थ इथे एकाच जागी येऊन बसतात, हा मराठी भाषेने केलेला एक कडवट विनोद म्हणायला हवा.

माझे म्हणणे असे, की चामड्याच्या कामातला ‘नवशिका’ हा माणूस इतिहासात फार उशिरा जन्माला आला आणि त्याला जन्मायला दोन गोष्टी एकत्र याव्या लागल्या. एक, त्या कामाला बसण्याची मुभा. दोन, त्या कामामागची सगळी साखळी, म्हणजे कच्चे कातडे, ते कमावणारा, अवजारे घडवणारा आणि शेवटी माल घेणारा. आपण बहुतेक वेळा फक्त मुभेची चर्चा करतो. जातीची कुंपणे मोडली की कौशल्य आपोआप सगळ्यांच्या हातात येईल, असे गृहीत धरतो. हे गृहीतक कुठे अडते हे पाहायचे असेल तर खानदेशातली सपाट जमीन आणि तिच्या डोक्यावरचा सातपुडा शेजारी शेजारी ठेवून पाहावेत. डोंगरातले गाव म्हणून मी मोलगी घेतो. नंदुरबार जिल्ह्यातल्या अक्कलकुवा तालुक्यातली, देवगोई घाट चढून गेल्यावर लागणारी ही बाजारपेठेची जागा. तिथे चामड्याचा धंदा कधी नांदला नाही, आणि नेमके त्यासाठीच ती उपयोगी आहे.

आधी सपाटीवरचे पाहू. त्रिंबक नारायण आत्रे यांनी १९१५ साली ‘गावगाडा’ लिहिला तेव्हा बलुत्याची व्यवस्था खिळखिळी झाली होती, पण मोडली नव्हती. त्या व्यवस्थेत कातडे एका माणसाच्या हातात राहत नसे. मेलेले जनावर ओढून नेणे हे महाराचे काम, कातडे कमावणे ढोराचे आणि शिवणे चांभाराचे. विहिरीवरच्या मोटेचे चामडे चांभार शिवायचा, पण तिला बांधायचे नाडा आणि सोंदूर मांग वळून द्यायचा. म्हणजे आज एखादा हौशी माणूस ‘चामड्याचे काम शिकतो’ म्हणतो तेव्हा तो जे एक काम समजतो, ते गावात तीन-चार जातींत वाटलेले होते आणि त्या जातींच्या आपसांतही उतरंड होती. ढोर आणि चांभार यांच्यात रोटी-बेटी नव्हती. शिवणाऱ्याला कमावणारा खालचा वाटे आणि कमावणाऱ्याला ओढणारा. बाहेरच्या माणसाला या कामात शिरायचे तर एकच नव्हे, लागोपाठ तीन उंबरे ओलांडायचे होते. आतल्या माणसाला शिकण्याचा प्रश्नच पडत नसे, कारण चांभाराच्या घरातले मूल कुठल्याही दिवशी ‘सुरुवात’ करत नसे. ते कातड्याच्या तुकड्यांशी खेळत खेळत कामाला लागे. शिकण्याला मुहूर्त नव्हता आणि म्हणून शिकवण्याला शब्दही नव्हते. आपल्याकडे या धंद्याचे लिखित पाठ जवळजवळ नाहीत, याचे कारण निरक्षरता एवढेच नव्हे. पाठ लिहिला जातो तो न जाणणाऱ्यासाठी, आणि या धंद्यात न जाणणारा विद्यार्थीच येत नव्हता.

मात्र ही साखळी पक्की होती, हे मान्य करायला हवे. सपाटीवरच्या शेतीला चामडे हवेच असे. मोट, आसूड, जोत्याच्या वाद्या, पाणी वाहायची पखाल, तेला-तुपाचा बुधला, पायातला जोडा, या सगळ्याला कातडे लागे. मोटेची शिवण गळकी निघाली तर मळा वाळायचा, म्हणून चांभाराचा टाका ही शेतकऱ्याची रोजची गरज होती. बाभळीची साल, हिरडा आणि चुना यांवर ढोराचे काम चाले. कातडे पिशवीसारखे शिवून, आत सालीचे पाणी भरून ते टांगून ठेवायचे आणि कातड्याला ते हळूहळू पिऊ द्यायचे, ही आपल्या खेड्यांतली जुनी रीत. आठवडेच्या आठवडे लागत, पण गिऱ्हाईक ठरलेले होते आणि बलुत्याचे धान्यही ठरलेले होते, निदान कागदावर. साखळी होती. मुभा जन्मावर होती.

आता घाट चढू. सातपुड्यातल्या भिल्ल आणि पावरा वस्त्यांत बारा बलुतेदारांची घडी बसलेली नव्हती. घरे पाड्यांत विखुरलेली, मधे शेत, मधे नाला. काठी आणि आसपासच्या मेवासी संस्थानांचा हा मुलूख. इंग्रजांनीही तो सपाटीपेक्षा वेगळ्या रीतीने चालवला. इथे घराला लागणारी वस्तू घरच करी किंवा बाजारातून मीठ-कापडाबरोबर आणी. आणि कातड्याऐवजी काय वापरले जाई ते पाहिले की अर्धे उत्तर मिळते. भिल्लाचे धनुष्य बांबूचे आणि त्याची दोरीसुद्धा बांबूच्या सालीचीच. पाणी न्यायला वाळवलेला दुधी भोपळा. धान्याला बांबूची कणगी. उतारावरच्या कोरडवाहू शेतीत मोट नव्हती, म्हणून मोट शिवणाराही नव्हता. जिथे खानदेशी शेतकरी कातडे वापरतो तिथे डोंगरातला माणूस बांबू आणि भोपळा वापरतो, इतकी ही विभागणी सरळ आहे. होळीत आजही ती दिसते. काठीच्या राजवाडी होळीला किंवा मोलगीच्या होळीला नाचणारे बुध्या कमरेला दुधी आणि घुंगरू बांधतात, डोक्यावर मोरपिसांचा टोप घालतात. त्या सगळ्या साजात कातडे ठळकपणे दिसते ते एकाच ठिकाणी, ढोलावर.

ढोलाचे कातडे हा या युक्तिवादातला कळीचा पुरावा आहे, म्हणून त्यावर थोडे थांबतो. ढोल मढवायला कमावलेले चामडे चालत नाही. कमावले की कातडे मऊ, लवचीक आणि न कुजणारे होते, पण बोलत नाही. ढोलाला कच्चे कातडे लागते. ते भिजवायचे, केस खरवडून काढायचे, ओले असताना कड्यावर ताणायचे आणि दोरीने आवळायचे. वाळताना ते स्वतःच ताठ होते. पावसाळी हवेत ते ढिले पडले की जाळाजवळ शेकायचे, आवाज पुन्हा चढतो. या कामात कातड्याची सगळी ओळख लागते: केस कुठल्या दिशेने आहेत, पातळ भाग कुठे आहे, ओढ किती सोसेल. लागत नाही ती फक्त कमावण्याची कुंडी आणि आरीचा टाका. म्हणजे डोंगरातल्या हातांना कातड्याची ओळख होती आणि त्या ओळखीला बलुत्याची जात चिकटलेली नव्हती. तरीही त्या ओळखीतून चप्पल निघाली नाही, पिशवी निघाली नाही, खोगीर निघाले नाही. मुभा होती. साखळी नव्हती.

इथे कोणी म्हणेल, साधनांचीच वानवा असेल. तसे म्हणता येत नाही. मोलगीच्या भोवतालच्या जंगलात धावडा आहे, ऐन म्हणजे सादडा आहे. धावड्याच्या पाल्यात आणि ऐनाच्या सालीत कातडे कमावण्याजोगे टॅनिन असते, ही वनखात्याच्या जुन्या पुस्तकांतली नेहमीची नोंद आहे. पाड्यापाड्यावर शेळ्या आहेत, आणि शेळीचे कातडे म्हशीच्या कातड्यासारखे जाडजूड नसते, त्याला मोठे हौद लागत नाहीत. साल होती, कातडे होते, पाणी होते, हात होते. जे नव्हते ते म्हणजे रोज चामडे मागणारा शेजारी. धंदा वस्तूंनी उभा राहत नाही, मागणीने राहतो, हे अर्थशास्त्रातले शिळे वाक्य आहे, पण इथे ते एका डोंगराच्या उंचीएवढे स्पष्ट दिसते. दुसरा आक्षेप याहून गंभीर आहे: डोंगरात मुभा होती हे तरी कशावरून? आदिवासी समाजांतही उच्च-नीच होते आणि आहे. खरे आहे, आणि ‘डोंगरात सगळे समान’ हे शहरी माणसाचे आवडते चित्र मला मान्य नाही. शिवाय शुद्धतेच्या कल्पनाही घाट चढून गेल्या. १९३०च्या दशकात तळोद्याजवळच्या मोरवडचे गुलाम महाराज यांनी ‘आप’ चळवळ उभी केली आणि हजारो भिल्लांना दारू-मांस सोडायला लावले. त्या चळवळीने लोकांना कर्जातून आणि व्यसनातून बाहेर काढले हे मोठेच काम. पण मांस सोडण्याबरोबर मेलेल्या जनावराकडे पाहण्याची नजरही थोडीफार बदललीच असणार. माझा दावा मर्यादित आहे. कातडे हाताळण्याचे काम एका ठरावीक जातीला जन्माने बांधून टाकणारी रचना, जी धुळे-शहाद्याच्या सपाटीवर होती, ती मोलगीत नव्हती. एवढे पुरे आहे.

गंमत अशी, की गुलाम महाराज तळोद्यात मांस सोडा म्हणून सांगत होते त्याच दशकात वर्ध्यात काही वेगळीच माणसे ब्राह्मण-वाण्यांना मेलेले ढोर सोलायला शिका म्हणून सांगत होती. या दुसऱ्या प्रवाहाचा उगम मात्र महाराष्ट्रात नाही. १९१० साली गांधींनी जोहान्सबर्गजवळ टॉल्स्टॉय फार्म सुरू केला. त्यांचे जर्मन ज्यू मित्र, व्यवसायाने वास्तुशिल्पी असलेले हर्मन कालेनबाख, डर्बनजवळच्या मॅरियनहिल मठात जाऊन ट्रॅपिस्ट संन्याशांकडून सँडल करायला शिकून आले. त्यांच्याकडून गांधी शिकले आणि गांधींकडून फार्मवरचे इतर शिकले. मोढ बनिया घरातल्या बॅरिस्टराने ख्रिस्ती साधूंची विद्या एका ज्यू वास्तुशिल्प्याच्या मार्फत घ्यावी, यात योगायोगापेक्षा जास्त काहीतरी आहे. ती विद्या काठियावाडातच, पोरबंदर-राजकोटच्या चांभारवाड्यात, चार गल्ल्यांपलीकडे होती. पण चार गल्ल्यांपलीकडे जाऊन बसण्याची मुभा नव्हती. समुद्रापलीकडे ती मिळाली. गांधींनी जनरल स्मट्स यांना भेट दिलेली चप्पल स्मट्सनी अनेक उन्हाळे वापरली आणि १९३९ साली, गांधींच्या सत्तराव्या वाढदिवसाच्या निमित्ताने, परत पाठवली. ही गोष्ट दोघांच्या मोठेपणासाठी सांगितली जाते. मला त्यात एक साधी गोष्ट दिसते: प्रौढ वयात शून्यापासून शिकलेल्या माणसाच्या हातचा माल वापरण्याजोगा होता.

१९३४च्या सप्टेंबरात गांधींनी ‘हरिजन’मध्ये खेड्यातल्या कातडी कमावण्यावर लिहिले. देशातून वर्षाला ९ कोटी रुपयांचे कच्चे कातडे बाहेर जाते आणि त्यातले बरेचसे तयार माल होऊन परत येते, असा अंदाज त्यांनी पुढे ठेवला. म्हणजे त्यांनी मुभेचा आणि साखळीचा प्रश्न एकदम पुढे मांडला. त्याच वर्षाच्या डिसेंबरात अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला, वर्ध्याच्या मगनवाडीत जे. सी. कुमारप्पा त्याचे काम पाहू लागले. जवळच नालवाडीला, जिथे विनोबा १९३२पासून राहत होते, गोपाळराव वाळुंजकरांनी चर्मालय उभे केले. मेलेल्या जनावराचे कातडे, हाडे, मांस, चरबी यांतले काहीच वाया जाऊ नये, कातडे गावातच कमावावे, गावातच शिवावे आणि हे काम सवर्णांनीही करावे, हा तिथला कार्यक्रम होता. १९३७-३८ साली झाकिर हुसेन समितीने बुनियादी शिक्षणाचा आराखडा मांडला तेव्हा मूलोद्योगांच्या यादीत सूतकताई, सुतारकाम, शेती यांच्याबरोबर चामड्याचे कामही घातले. कागदावर का होईना, पहिल्यांदाच असे म्हटले गेले की कुठल्याही जातीचे मूल शाळेत बसून आरी हातात घेऊ शकते. प्रत्यक्षात बहुतेक शाळांत टकळीच आली, आरी आली नाही. कारण म्हणून पालकांच्या विरोधाकडे बोट दाखवता येईल आणि ते खोटे ठरणार नाही. पण टकळीला कापूस आणि दोन पैशांची काडी पुरते. आरीच्या मागे कमावलेले चामडे लागते, आणि ते शाळेच्या अंगणात पिकत नाही.

कोकणात अप्पासाहेब पटवर्धनांनी हेच अधिक हट्टाने केले. जन्म १८९४, उच्चशिक्षित, पुण्यात अध्यापन केलेले. १९३२ साली रत्नागिरीच्या तुरुंगात त्यांनी भंगीकाम मागितले, ते नाकारले गेले म्हणून उपास धरला, आणि त्यांच्यासाठी येरवड्यात गांधींनीही उपास केला. पुढे कणकवलीला त्यांनी गोपुरी आश्रम काढला, तिथे मैला, मेलेले ढोर आणि कातडे या तिन्ही ‘घाण’ कामांना शास्त्र समजून हात घातला. अप्पासाहेबांसारखी माणसे थोडी असली तरी त्यांच्यामुळे एक गोष्ट पुराव्यानिशी सिद्ध झाली: कातडे सोलणे आणि कमावणे हे जन्माने येत नाही, शिकून येते. जातीचे समर्थक याच्या उलट म्हणत आणि दुर्दैवाने जातीचे काही विरोधकही ‘त्यांच्या रक्तातच कला आहे’ असे कौतुकाने म्हणून तेच म्हणत.

आता या सगळ्यावरचा सर्वांत कठोर आक्षेप. तो बाबासाहेब आंबेडकरांचा आहे आणि त्याला वळसा घालून जाता येत नाही. मार्च १९२७मध्ये महाडच्या परिषदेपासून त्यांनी महारांना मेलेली ढोरे ओढणे आणि मृतमांस खाणे सोडायला सांगितले. १५ ऑक्टोबर १९५६ला नागपूरच्या भाषणात त्यांनी जुना किस्सा सांगितला: ‘केसरी’त कोणी हिशेब मांडला होता, की ढोरे ओढणे सोडल्याने महारांचे कातडे, हाडे, शिंगे यांचे मोठे नुकसान होते आहे. संगमनेरला हाच प्रश्न पुढे आला तेव्हा बाबासाहेबांचे उत्तर होते, की एवढा फायदा असेल तर तो तुम्हीच घ्या, वर मी माझ्या पदरचे पैसे देतो. या उत्तरापुढे गांधीवादी चर्मालयाचा सगळा हिशेब क्षणभर पोकळ वाटतो. ब्राह्मण नवशिका कातडे सोलतो तेव्हा तो त्याग ठरतो, वर्तमानपत्रात येतो. महार तेच करतो तेव्हा ते त्याचे कर्तव्य ठरते आणि तो विहिरीवर चढू शकत नाही. शिकणाऱ्याला उठून जाण्याची मुभा असते, म्हणूनच तो शिकणारा असतो. ज्याला उठता येत नाही त्याला नवशिका म्हणता येत नाही आणि कारागीर म्हणून गौरवणेही लबाडीचे होते.

मला हा आक्षेप पूर्ण मान्य आहे, आणि तरी तो माझ्या मांडणीला छेदत नाही, पुरा करतो. मुभा म्हणजे बसण्याची मुभा तशी उठण्याचीही. बाबासाहेबांनी उठण्याची मुभा मिळवली. वाळुंजकर-पटवर्धनांनी बसण्याची मिळवायचा प्रयत्न केला. नवशिका दोन्हींच्या मधे उभा राहतो. बाबासाहेबांचे म्हणणे पुढे नेले तर निष्कर्ष असा निघतो, की जोवर एका समाजाला हे काम सोडता येत नाही तोवर दुसऱ्या समाजाने ते शिकणे हा खेळ आहे. हे मला बरोबर वाटते. फक्त त्यातून ‘म्हणून कोणी शिकू नये’ असे निघत नाही, आणि बाबासाहेबांनीही तसे म्हटले नाही. त्यांनी तर सवर्णांना या, घ्या म्हणूनच बोलावले. आले फार थोडे, हा भाग वेगळा.

तिसरा आक्षेप कारागिरीच्या बाजूने येतो. पिढीजात शिकण्यात जी खोली असते ती शिबिरातल्या शिकण्यात कुठून येणार? कोल्हापुरी चप्पल पाहा. तिला खिळा नाही. तळ, पट्टा, कान, अंगठा सगळे चामड्याच्याच वादीने शिवलेले, आणि वेणी घालणारे हात बहुतेक घरांत बायकांचे. २०१८च्या डिसेंबरात या चपलेला भौगोलिक मानांकन मिळाले तेव्हा महाराष्ट्रातले कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले चार जिल्हे त्यात धरले गेले. चपलेने भाषेची सीमा कधी मानलीच नव्हती. जून २०२५मध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडा कंपनीने तशीच पादत्राणे चालवली आणि गवगवा झाल्यावर प्रेरणा कुठली ते मान्य केले. हे सगळे पिढीजात खोलीचेच फळ नाही का? खोलीचे आहे, पण रक्ताचे नाही. ती खोली येते ती एकाच गल्लीत कमावणारा, कापणारा, वेणी घालणारी आणि व्यापारी यांच्या जवळ असण्यातून. म्हणजे पुन्हा साखळीच. शाहू महाराजांनी १९१८ साली आपल्या संस्थानात बलुत्याची सक्ती उठवली. बलुतेदाराला धंदा सोडायची वाट कायद्याने मोकळी झाली, आणि दुसऱ्या कोणाला तो धरायचीही. त्या वाटेने बाहेर पडले बरेच, आत आले जवळजवळ कोणी नाही. पण राजाश्रय, बाजार आणि कातड्याचा पुरवठा टिकला म्हणून चप्पल टिकली. उलट खानदेशात १९५८च्या वतननिर्मूलन कायद्याच्या आगेमागे मुभेचा प्रश्न कायद्यापुरता सुटला आणि त्याच काळात विहिरीवर इंजिन आले, मोट अडगळीत गेली, पखालीच्या जागी नळ आला, बुधल्याच्या जागी पत्र्याचा डबा आला, पायात रबर आले. कामाला बसण्याची बंदी उठली तेव्हा बसायला काम उरले नव्हते. हे योगायोगाने घडले, पण परिणाम योजून केल्यासारखा झाला.

राज्याने काही केले नाही असे नाही. १ मे १९७४ला चर्मोद्योगासाठी महामंडळ स्थापन झाले. आज ते संत रोहिदासांच्या नावाने ओळखले जाते. कर्ज, प्रशिक्षण, गटई कामगारांना पत्र्याचे स्टॉल ही त्याची कामे. मात्र नावातच ‘चर्मकार विकास’ आहे आणि ते समजण्यासारखे आहे. मदत ज्यांनी सोसले त्यांच्याकडेच आधी जायला हवी. त्याचा एक अनुषंग असा की सरकारी प्रशिक्षणाची वाट अजून जातीच्याच दारावरून जाते. दुसऱ्या टोकाला पुण्या-मुंबईच्या आठवडाअखेरच्या कार्यशाळा आहेत. तिथे आयते कमावलेले, आयते कापलेले, कधी भोकेही पाडून ठेवलेले कातडे मिळते. दोन सुया, मेणाचा दोरा, आणि संध्याकाळपर्यंत पाकीट तयार. त्या नवशिक्याची मी टिंगल करणार नाही. जात न विचारता शेजारी बसवणारी ती बैठक ही आपल्या इतिहासात नवी गोष्ट आहे. पण त्याने साखळीचे एकच शेवटचे कडे हातात घेतलेले असते आणि बाकीची कडी पैशाने झाकलेली असतात. हौसेने शिवलेल्या पाकिटाला ‘हाताचे’ म्हणून जी किंमत मिळते, ती फुटपाथवरच्या माणसाने तुटलेल्या बंदाला घातलेल्या हाताच्याच टाक्याला मिळत नाही. टाका तोच आहे. शिकण्याची निवड ज्याला करता आली त्याचा टाका महाग. आणि झाकलेली कडी आता तुटतही आहेत. २०१५मध्ये महाराष्ट्रात गोवंश हत्याबंदीचा कायदा बैल-वळूंपर्यंत वाढला, त्याचा धक्का कातड्याच्या पुरवठ्याला बसला. म्हशीचे आणि शेळीचे कातडे उरले, पण जनावरांची ने-आण करणाऱ्याच्या मनात भीती बसली ती कातड्याच्या प्रकारावर थांबत नाही.

मोलगीकडे परत येतो. बाजारात ही जागा आज आमचूर, भगर आणि मोहफुलांसाठी ओळखली जाते. उन्हाळ्यात कैऱ्या सोलून, चिरून, वाळवून आमचूर होते, बरेचसे बायकांच्या हातून. ते गोणीत भरून घाट उतरते आणि पुढचे दळण, पुडी, नाव, नफा सगळे खाली होते. अलीकडे भगरीच्या बाबतीत बचतगटांनी वर सालकाढणीची यंत्रे बसवली, म्हणजे साखळीचे एखादे कडे डोंगरावर आणता येते हे दिसले आहे. कातड्याचे तसे होईल का हा प्रश्न मी भाबडेपणाने विचारत नाही. कमावण्याच्या पाण्याने नाले नासतात आणि डोंगरातला नाला हाच पिण्याचाही असतो. पण शेळीच्या पातळ कातड्याला धावड्याचा पाला, मातीची कुंडी आणि थोडेच पाणी पुरते, क्रोमच्या हौदांची गरज पडत नाही. इथे शिकायला बसणाऱ्याला कुठलाही उंबरा ओलांडावा लागणार नाही; ढोल मढवणारे हात आधीच गावात आहेत. ते हात कातडे खरवडतात, ताणतात, वाळवतात आणि होळी आली की जाळाशी धरून आवाज चढवतात. त्यांच्याकडे आरी नाही, कारण अजून कोणी त्यांच्याकडे शिवलेली वस्तू मागितलेली नाही.